न आलेल्या संघाचा डाव

खो-खो मी जर्मनीत शिकले. पुण्यात आमच्या इंग्रजी शाळेला बास्केटबॉलचं कोर्ट होतं. खो-खो खेळायच्या त्या भिंतीपलीकडच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेतल्या मुली. त्यांचा आवाज कंपाउंडवरून यायचा, तेवढीच माझी ओळख. हॅनोव्हरला मास्टर्स करायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात वसतिगृहाच्या कपडे धुण्याच्या खोलीत एक मुलगी माझ्याकडे नखशिखांत बघत राहिली आणि म्हणाली, "मराठी हायस न्हवं? उंची बरी हाय. रविवारी ये."

ती आमच्या संघाची कप्तान. सांगलीकडची, शाळेपासून राज्य पातळीवर खेळलेली, इथे धातूंवर पीएचडी करणारी. सगळ्या तिला ताई म्हणायच्या, तिच्याहून मोठ्या असलेल्याही. मी गेले, कारण नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

ताईने मला खांबाजवळच्या चौकोनात बसवलं आणि मी तिथेच राहिले. मला बसायला आवडायचं. शेजारणीचं तोंड उलट्या दिशेला असतं, त्यामुळे कोणाशी नजर मिळवावी लागत नाही. मागे काय चाललंय ते बुटांच्या आवाजावरून ओळखायचं, आणि मग पाठीवर हात पडला की उठून पळायचं. आठवडाभर कॉलेजात, आणि मास्टर्सनंतर नोकरी लागल्यावर ऑफिसात, मी कोणाशी फार बोलत नसे. रविवारी दोन तास मी सात जणींबरोबर एका रेषेत बसायचे, आणि तेवढं मला आठवड्याला पुरायचं.

लीगमध्ये सात गावांचे सात संघ होते, सगळे तिथल्या तिथल्या विद्यापीठातल्या मुलींचे. प्रत्येक संघ म्हणजे एक रीतसर फेराइन, आपापली घटना, आपापला अध्यक्ष असलेली स्वतंत्र संस्था. कोणी कोणाला हुकूम करू शकत नव्हतं. लीग म्हणजे सात जणींनी एकमेकींना दिलेला शब्द आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्याशिवाय काका. काका पंच होते. आमच्या जन्माआधी जर्मनीत आलेले, गिअरबॉक्सच्या कारखान्यात आयुष्य काढलेले. हॉलच्या लाकडी जमिनीत खड्डा करता येत नाही, म्हणून त्यांनी जड पोलादी बैठकीचे खांब स्वतः करून घेतले होते. नियमावलीही त्यांनीच लिहिलेली.

हॉल मात्र आमचा नव्हता. विद्यापीठाच्या क्रीडा कार्यालयाचं म्हणणं सरळ होतं: रविवारची दुपार लीग खेळणाऱ्या संघाला. लीग चालू आहे आणि ठरलेल्या सामन्यांना हॉल वापरला जातोय तोवर तुमचा. नाहीतर स्केट घालून हॉकी खेळणारी मुलं वाट बघत होतीच. त्या थंडीत हॉल गेला की संघ गेला, हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सप्टेंबरमध्ये मोसमाचा पहिला सामना आमच्याच हॉलमध्ये झाला. पूर्वेकडच्या एका लहान गावातल्या कॉलेजचा संघ आला होता. लीगमधला सगळ्यात गरीब संघ, जेमतेम नऊ जणी, राखीव कोणी नाही. त्यांची कप्तान नागपूरकडची. सामना आम्ही एका गुणाने हरलो आणि मग बाकांवर बसून त्यांनी आणलेली सांबारवडी खाल्ली. आमच्यातल्या एकीने तिला कोथिंबीरवडी म्हटलं, तर ती कप्तान म्हणाली, "पुण्याच्या लोकाइले खायला देऊन राहिलो हेच लय झालं. नाव ठेवाचं काम नाही." मीही हसले. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "हे बोलते का?" ताई म्हणाली, "बसते चांगली."

ऑक्टोबरमध्ये ड्युसेलडॉर्फच्या कप्तानाने ऑनलाइन मीटिंग बोलावली. ती मुंबईची, नुकतीच एका कंपनीत लागलेली आणि कंपनीकडून जर्सी आणि प्रवासखर्च मिळवलेली. ती वाईट नव्हती, हे मला आजही नीट सांगायचंय. ती अगदी गोड बोलत होती.

"गाईज, हे कोणाच्या अगेन्स्ट नाहीये हं. आम्ही अर्धा दिवस ट्रेनमध्ये बसतो आणि पाऊण तास खेळतो. ऱ्हाइनकाठच्या टीम्सनी वेगळी लीग केली तर सगळं तासाभरात. शेवटी प्रत्येकीने आपल्या टीमचं बघायचं असतं, नाही का?"

तिच्या बाजूच्या दोन कप्तानांनी माना डोलावल्या. मग वाल्डॉर्फ-हायडेलबर्गकडची म्हणाली, "मग आम्ही तरी तुमच्याकडे कशाला यायचं? आम्ही साउथचं जमवतो." श्टुटगार्टची म्हणाली, "सेम." कोणी आवाज चढवला नाही. सगळ्यांनी एकमेकींना शुभेच्छा दिल्या, हात हलवले, आणि पडद्यावरचे चौकोन एक एक करून काळे झाले. उरले तीन: ताई आणि तिच्या खांद्यामागे मी, काकांचं कपाळ, आणि पूर्वेकडची ती.

"घ्या," ती म्हणाली. "उरलो दोघीच. सासू-सुनेची लीग."

"सासू कोण त्यात?" ताईने विचारलं.

"जिचा हॉल मोठा ते."

काका मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "वेळापत्रक मोसमाआधी मंजूर झालंय. ते मध्येच सोडून गेले, ही त्यांची गोष्ट. त्यांचे सामने उभे आहेत. तुमच्या हॉलमधले सामने ठरल्या दिवशी होतील."

"कुणाबरोबर, काका?"

"नियम वाच."

नियम असा होता. समोरचा संघ आला नाही तर हजर संघाला पुढे चाल मिळते. ही गोष्ट सगळीकडे असते. पण काकांच्या नियमात पुढे चाल फुकट नव्हती. नाणेफेक करायची. आपली बसायची पाळी असेल तेव्हा आठ जणींनी पूर्ण वेळ बसायचं, नववीने खांबाजवळ उभं राहायचं. न आलेल्यांची बसायची पाळी असेल तेव्हा आपल्या तीन-तीन जणींनी रिकाम्या चौकोनांमध्ये उभं राहायचं, वेळ संपेपर्यंत. सगळे डाव संपल्यावर निकाल. म्हणजे मग कोणी म्हणायला नको की आम्ही उशिरा पोचलो होतो.

"न आलेल्यांचाही डाव असतो," काका म्हणाले. "तो झाल्याशिवाय सामना झाला असं मी लिहून देणार नाही."

आणि काकांनी लिहून दिलं नाही तर क्रीडा कार्यालय हॉल काढून घेणार होतं. म्हणून आम्ही बसलो.

पहिल्या रविवारी नुसता खिदळण्याचा कार्यक्रम होता. समोर हायडेलबर्गचा संघ होता, म्हणजे नव्हता. काकांनी नाणं उडवलं, रिकाम्या बाजूकडे बघून विचारलं, "छापा की काटा?" आणि थोडं थांबलेसुद्धा. आम्ही तोंडावर हात धरून बसलो. काकू प्रेक्षकांच्या बाकावर विणकाम घेऊन बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, उत्तराची वाट काय बघताय?" काका म्हणाले, "रीत आहे." मग शिट्टी झाली. आम्ही बसलो. कोणी पळेना. एकीला हसू आवरेना, ते रांगेतून शेवटच्या खांबापर्यंत गेलं.

मग दिवे गेले.

त्या हॉलमध्ये दिवे हालचालीवर चालायचे. कोणी हललं नाही की विझायचे. आम्ही सगळ्या स्तब्ध, खांबाजवळ उभी ताईही स्तब्ध, आणि वर छताजवळच्या पट्टीसारख्या खिडक्यांतून नोव्हेंबरचा राखी उजेड. एकीने हात वर केला, दिवे आले. थोड्या वेळाने पुन्हा गेले. हसणं केव्हा थांबलं ते कळलं नाही. शेजारणीची पाठ दिसते, तिच्या पलीकडचीचं तोंड दिसत नाही, आणि मागे मोकळी जमीन. एरवी त्या जमिनीवर कोणीतरी धावत असतं म्हणून ती मागे असल्याची आठवण होत नाही.

दुसऱ्या अशा रविवारी ताई वैतागली. "नुसतं बसून गुडघं धरलं. उठा. पळा की."

"कोणामागे?"

"समोरच्यामागे. सरावच हाय म्हणायचं."

म्हणून आम्ही न आलेल्यांचा पाठलाग सुरू केला. सुरुवातीला सगळा गोंधळ. पाठलाग करणारी मनाला येईल तिथे धावायची, खो द्यायची, उठलेली उलटीकडेच जायची. ताई ओरडायची, "अगं, ती तिकडं कुठाय? ती खांबाला वळसा घालून गेली न्हवं! डोळं हायत का बटणं?" आम्ही हसायचो. पण ताईला खेळ कळतो. ती जिकडे बोट दाखवायची तिथे खरंच पळणारी असली पाहिजे, हे आम्हाला पटत गेलं. मग तिला बोट दाखवायची गरज कमी झाली.

केव्हा ते मला सांगता येणार नाही, पण डिसेंबरमधल्या एका रविवारी मी बसले होते आणि माझी मान डावीकडे वळली. काही दिसलं म्हणून नव्हे. खेळताना वळते तशी वळली. आणि मला जेवढ्या दिसत होत्या त्या सगळ्या माना त्याच वेळी तिकडेच वळलेल्या होत्या. मग त्या उजवीकडे आल्या, माझ्या आणि शेजारणीच्या मधल्या फटीतून काहीतरी निघून गेल्यासारख्या. पाठीवर हात पडला, खो, मी उठले आणि दोन पावलांत हात लांब केला. काकांची शिट्टी वाजली. एक गडी बाद.

आवराआवर करताना मी काकांपाशी गेले. मी आपणहून कोणाशी बोलायला गेले की लोकांना आश्चर्य वाटतं. काकांनाही वाटलं.

"काका, शिट्टी कशावरून वाजवता?"

"हात लागला की वाजवतो."

"पण समोर कोणी नसतं."

ते खांबाच्या बैठकीचा बोल्ट सैल करत होते. पान्हा थांबवून म्हणाले, "तुझा हात मध्येच अडला ना? मी तेवढंच बघतो."

माझा हात अडला होता. मी तो खिशात घातला.

त्या दिवसांत संघ फार सुंदर खेळायचा, हे मी सांगितलंच पाहिजे. कोणी कोणाला हाक मारायची नाही. खो इतक्या हलक्या आवाजात द्यायच्या की काकूंनी विणकाम खाली ठेवलं होतं आणि नुसत्या बघायच्या. एकदा आमची उभं राहायची पाळी होती. आम्ही तिघी रिकाम्या चौकोनांमध्ये उभ्या होतो, आणि तिघींनीही ठरवलं होतं की आज पळायचं नाही, पाय दुखतायत. उभ्या राहिलो. दिवे विझले. तिघी अगदी स्तब्ध होतो, बाकांवरच्या मुली फोनमध्ये, काका घड्याळ हातात धरून पुतळ्यासारखे. तेवढ्यात दिवे आले.

"कोण हललं?" ताईने बाकावरून विचारलं.

कोणीच हललं नव्हतं. मग आम्ही पळायला लागलो.

हॉलचा हाउसमाइस्टर, म्हणजे किल्ल्या आणि देखभाल सांभाळणारा, जाड भिंगांचा, कमी बोलणारा माणूस. वरच्या मजल्यावर त्याची काचेची केबिन होती, तिथून खालचं मैदान दिसायचं. जानेवारीत एकदा किल्ली द्यायला मी गेले, तेव्हा तो म्हणाला, "हे बघा, तुमच्या पाहुण्यांना एक सांगाल का? मागच्या दाराला मी रविवारी कुलूप लावतो. तिकडून जायला बघतील तर आत अडकतील."

मी सांगितलं की पाहुण्या नसतात. सध्या आम्हीच असतो.

त्याने काचेतून खाली पाहिलं. खाली आमच्या मुली जमिनीवरच्या आखणीच्या चिकटपट्ट्या सोडवत होत्या. तो थोडा वेळ बघत राहिला. मग किल्ली खुंटीला अडकवत म्हणाला, "गेनाऊ." बरोबर आहे, असं; वाद मिटवायचा असला की इथली माणसं म्हणतात तसं. आणि पुन्हा, "तरी सांगून ठेवा."

मी ताईला सांगितलं नाही. ताईच्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती. मोसम संपत आला होता. पुढच्या मोसमाला दोन संघांच्या लीगला क्रीडा कार्यालय लीग म्हणणार नव्हतं. तसं त्यांनी स्पष्ट कळवलंही होतं. हॉल वसंतात जाणार.

आणि मग ड्युसेलडॉर्फवरून फोन आला. ताईने तो स्पीकरवर टाकला.

"ताई, कशा आहात? ऐका ना, आमच्याकडे टीम्स ऑड झाल्यात. दर वीकेंडला एक टीम रिकामी बसते, स्पॉन्सरला ते आवडत नाहीये. तुम्ही येता का? एक ट्रायल मॅच खेळू, सगळ्यांना तुम्ही दिसाल, मग व्होटिंग. तुमचा हॉलही मस्त मोठा आहे."

"आम्ही आणि पूर्वेकडच्या, दोघी येतो."

"नाही हो ताई. दोन घेतल्या की परत ऑड."

ताईने आम्हाला बाकांवर बसवलं आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. मग म्हणाली, "गेलो तर हॉल राहतो. नाही गेलो तर आपण बी जातो आणि त्या बी जातात. आपण राहिलो म्हणून त्या काय वाचत न्हाईत. हात वर करा." सगळ्यांचे हात वर गेले. माझाही. दिवे विझायच्या आत काम झालं.

ट्रायल मॅचचा हॉल झगमगीत होता. ढोल, नव्या जर्सी, एका कोपऱ्यात बटाटेवडे. पळणाऱ्या तीन मुली आत आल्या तेव्हा त्यांच्या बुटांचा करकर आवाज मला इतका मोठा वाटला की मी दचकले. शिट्टी झाली. आम्ही खेळायला लागलो, आणि काय होतंय ते आम्हाला कळायच्या आधी प्रेक्षकांना कळलं.

आम्ही त्यांना ओलांडून जात होतो. खरी मुलगी माझ्या समोरून हातभर अंतरावरून गेली, आणि मी उठून धावले ती तिच्या पुढच्या रिकाम्या जागेकडे. तिथे कोणीतरी असायला हवं होतं. आमच्या मुली इतक्या वेगाने आल्या आणि इतक्या अचूक वळल्या की समोरच्यांना वाटलं असेल, आता संपलं. आणि आम्ही भलतीकडेच हात लांब करत होतो. त्यांच्यातली एक तर पळायची थांबली. मैदानाच्या मध्याजवळ उभी राहून आमच्या रांगेकडे बघायला लागली. आमच्या सगळ्या माना एकदम डावीकडे गेल्या, मग एकदम उजवीकडे, आणि ती त्या दोन्हीकडे नव्हती. ती आमच्या अगदी समोर होती. ढोल थांबला होता.

त्यांचे पंच हात लागला की शिट्टी वाजवायचे. शिट्टी जवळजवळ वाजलीच नाही.

सामना संपल्यावर ती थांबलेली मुलगी पाण्याची बाटली घेऊन माझ्याजवळ आली. "तुम्ही कोणाला पकडत होतात?" तिने हळूच विचारलं. चिडवत नव्हती. मी म्हटलं, "सवय नाही राहिली." ती मान हलवून गेली आणि मैत्रिणींमध्ये उभी राहिली, पण आम्ही निघेपर्यंत आमच्याकडे पाठ केली नाही.

ट्रेनमध्ये ताई खिडकीला डोकं टेकून बसली. "गेला हॉल," ती म्हणाली. एवढंच.

पण हॅनोव्हर यायच्या आत मेसेज आला. व्होटिंग झालं होतं, सगळ्यांनी हो म्हटलं होतं. वेलकम, आणि खाली एक हसरा चेहरा. ताईने फोन लावून विचारलं, "अगं, एवढं हरलो तरी?"

"अहो ताई, हरलात म्हणूनच प्रॉब्लेम नाही ना कोणाला," पलीकडून हसत उत्तर आलं. "प्रत्येकीला शेड्यूल बसायला हवं होतं. बसलं. पहिली मॅच पुढच्याच्या पुढच्या रविवारी."

त्या रविवारी आमचा पूर्वेकडच्यांशी त्यांच्या गावी सामना होता. जुन्या वेळापत्रकातला शेवटचा.

ताईने तिकडे फोन केला, आणि हेही सगळ्यांसमोर स्पीकरवर केलं. ती लपवून काही करत नसे. तिने एका दमात सांगून टाकलं.

"जाय न," पलीकडून आवाज आला. "आमाले कोणी बोलावलं असतं तं आमी काय थांबलो असतो? काहून थांबू?"

"आणि तुमचं?"

"पोट्ट्या कमी झाल्या. एक परवा बर्लिनला नोकरीवर गेली. पण या मोसमाचा हॉल तरी आहे न आमचा. सामना लागला आहे, तं बसतो आमी. काका सांगते न, न आलेल्याइचा बी डाव असते."

काका आमच्याबरोबर ड्युसेलडॉर्फला आले नाहीत. "माझा सामना तिकडे लागलाय," म्हणाले. काकू म्हणाल्या, "अहो, एवढ्या थंडीत एवढ्या लांब, कोणासाठी?" काकांनी शिट्टी गळ्यात घातली आणि टोपी शोधत राहिले.

त्या रविवारी आम्ही बरं खेळलो. हरलोच, पण माणसांसारखं हरलो. ताईने आठवडाभर आम्हाला एकमेकींच्या मागे पळवलं होतं, नुसतं हात लाव, हात लाव, खऱ्या खांद्याला. शिट्ट्या वाजल्या. ती थांबलेली मुलगी या वेळी पळाली, आणि मीच तिला बाद केलं. तिचा खांदा गरम आणि घामाने ओला होता. हॉल राहिला. क्रीडा कार्यालयाचं पुढच्या मोसमाचं पत्रही त्याच आठवड्यात आलं होतं.

परतीच्या ट्रेनमध्ये मुली बटाटेवडे खात होत्या. बाहेर अंधारून येत होतं, शेतांवर बर्फाचे ठिपके होते. ताई झोपली होती आणि तिचा फोन माझ्या मांडीवर होता, चार्जरची वायर माझ्याच बाजूला पोचायची म्हणून. तो वाजला. नागपूरकडची. ताईला उठवावंसं वाटेना. मी उचलला.

"बापा रे," ती म्हणाली. तिला धाप लागलेली होती. "दमवलं न तुमी आज."

मला वाटलं, टोमणा आहे. तो माझा हक्काचा होता, म्हणून मी हसून घेतलं. पण ती हसली नाही. सामन्यानंतर बाकावर बसून बोलतात तशा साध्या आवाजात ती सांगत राहिली. मागे बूट करकरत होते, कोणीतरी बाटली उघडत होतं. "तुमची ताई तं हातच लावू देत नव्हती. दोनदा खांबावर सूर मारला मी, गुडघा फुटला. पयला डाव संपेपर्यंत नाही सापडली. चांगलं खेळून राहिल्या, सांग तिले."

मी ताईकडे पाहिलं. तोंड किंचित उघडं ठेवून झोपलेली, मोज्यांतले पाय समोरच्या सीटवर.

तेव्हा फोन ठेवता आला असता. सांगते म्हणून ठेवायचा, नाहीतर ताईला हलवून तिच्या हातात द्यायचा. मी विचारलं, "आणि मी?"

"तू होय?" ती म्हणाली. "तू तं पळालीच नाही न. खांबाजवळ उभी होती. मी आली, हात लावला, काकांनी शिट्टी वाजवली, तरी जागची हलली नाही. काका म्हणे बाहेर जाय, तं बाहेरही जाईना."

"मग?"

"मग काय. आमी आठच आहो आज, एक चौकोन रिकामा होता. तिथं बसली."

मागे काकांची शिट्टी ऐकू आली, लांब आणि स्पष्ट. ट्रेनच्या त्या डब्यात दुसऱ्या कोणालाही ती ऐकू आली नसेल.

"चल, ठेवते," ती म्हणाली. "दुसरा डाव आहे."